पौषाची थंडी, माघाचे हिम

सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या मराठी माणसाची बर्फाशी पहिली ओळख होते ती रसवंतीगृहाच्या दारात, गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या आणि लाकडी मोगरीने फोडल्या जाणाऱ्या लादीच्या रूपाने. दुसरी ओळख होते ती वळवाच्या पावसात अंगणात टणाटण उड्या मारणाऱ्या गारांची. आभाळातून कापसासारखे निःशब्द उतरणारे, हातावर घेताच विरून जाणारे जे हिम, त्याच्याशी आपला व्यवहारच कधी पडला नसल्यामुळे लादीलाही आपण बर्फच म्हणतो आणि त्या हिमालाही बर्फच म्हणतो. आभाळातून पडणाऱ्या बर्फासाठी काश्मिरी माणसाजवळ ‘शीन’ असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्या रोजच्या बोलीत तो नाही, आणि या शब्ददारिद्र्यातूनच आपल्या मनात एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे. लादी गारठ्याने तयार होते, तेव्हा हिमही गारठ्यानेच पडत असले पाहिजे, आणि जेथे व जेव्हा गारठा अधिक तेथे व तेव्हा हिमवर्षावही अधिक, असा हिशेब आपण बसल्या जागी मांडतो. हिमदर्शनासाठी निघालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्या सहली फसतात त्या या हिशेबापायी.

दिवाळीच्या सुटीत मनालीला गेलेल्या मंडळींना स्वच्छ ऊन, निळे आकाश आणि दूरच्या शिखरांवरची पांढरी रेघ एवढ्यावरच समाधान मानावे लागते. नाताळच्या सुटीत गेलेल्यांना हाडे गोठविणारी थंडी यथेच्छ मिळते, परंतु शिमल्याच्या रस्त्यावर ऐन नाताळात हिम पडावे हा योग विरळाच. मे महिन्यात जाणाऱ्यांना उंच खिंडींच्या कडेला मळकट झालेले, घट्ट बसलेले जुने हिम पाहावयास मिळते. ते हिम खरे, परंतु ते पडलेले हिम होय, पडणारे नव्हे. आपल्या सुट्यांचे वेळापत्रक आणि हिमालयाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही तो असा. म्हणून प्रस्तुत लेखाचे सार आरंभीच सांगून टाकतो: पश्चिम हिमालयात, म्हणजे काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड या प्रदेशांत, जेथे सामान्य प्रवासी पोहोचू शकतो अशा ठिकाणी हिमवर्षावाचा भर असतो तो साधारणतः संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत. इंग्रजी महिन्यांच्या भाषेत सांगावयाचे तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. ही मुदत ज्याने ध्यानात ठेवली त्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम कसे साधावे, याचा विचार पुढे करू.

हा भर याच दिवसांत का असतो, हे समजून घेतल्यावाचून सहलीची तजवीज नीट होणार नाही. आपला पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, समुद्राचे पाणी घेऊन. हिमालयातील हिवाळ्याचा पाऊस येतो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या आसपास जन्मलेल्या आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडीत दरमजल येणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांबरोबर. हवामानखात्याच्या परिभाषेत यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. वाटेत कास्पियन समुद्राची आणि पुढे अरबी समुद्राची ओल यांच्या पदरी पडते, आणि हिमालयाची भिंत आडवी आली की ही ओली हवा वर चढू लागते, चढता चढता थंडावते, आणि तिच्यातील बाष्प स्फटिकरूपाने खाली उतरते. या विक्षोभांना वाहून आणणारा जो उंचावरील वेगवान वायुप्रवाह, तो शरद ऋतूत उत्तरेकडे असतो. मार्गशीर्ष-पौषात तो दक्षिणेकडे सरकत येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत हिमालयाच्या माथ्यावरून व त्याच्या दक्षिण अंगाने जोराने वाहू लागतो. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा विक्षोभ येतात. परंतु सारेच सारख्या ताकदीचे नसतात. कित्येक नुसतेच ढग दाखवून निघून जातात, आणि एखादाच असा येतो की तीन दिवसांत गावेच्या गावे पांढऱ्या दुलईखाली झाकून टाकतो.

आता थंडी आणि हिम यांतील भेद पाहा. अत्यंत कडक थंडी पडते ती निरभ्र रात्री, कारण ढगांचे पांघरूण नसल्यामुळे जमिनीची ऊब मोकळी आकाशात निघून जाते. हिम पडावयास मात्र ढग हवेत, आणि ढग आले की रात्र काहीशी उबदार होते. शिवाय हवा जितकी थंड तितकी तिची बाष्प धारण करण्याची शक्ती कमी. तापमानात एका अंशाचा फरक पडला तर ही शक्ती सुमारे सात टक्क्यांनी कमी-अधिक होते. म्हणून भरघोस हिमवर्षाव होतो तो पारा शून्याच्या फार खाली गेला असता नव्हे, तर शून्याच्या आसपास घोटाळत असता. २०२४ च्या डिसेंबरात २१ तारखेच्या पहाटे श्रीनगरात पारा उणे ८.५ अंशांपर्यंत उतरला. नळ गोठले, दल सरोवराच्या काठाशी बर्फाचा पापुद्रा धरला. पण आकाश कोरडे होते. हिम आले ते त्यानंतर आठवड्याने, ढग घेऊन, आणि ते आले तेव्हा रात्रीचा पारा उलट वर चढला होता. थंडीचा कळस आणि हिमाचा कळस एकाच दिवशी येत नाहीत, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

काश्मिरी लोकांनी आपल्या हिवाळ्याची वाटणी फार चोख केलेली आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ लागतो. ‘चिल्ला’ म्हणजे फारसीत चाळीस दिवसांचे व्रत, आणि हा चाळीस दिवसांचा थोरला हिवाळा जानेवारीअखेर संपतो. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटा, आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे शेंडेफळ. असे हे सत्तर दिवस. यांतील पहिला भाग थंडीचा बादशहा खरा; परंतु त्याचा आरंभ पुष्कळ वर्षी कोरडा जातो, आणि उत्तरार्ध व पुढील दोन धाकटी भावंडे हिमाच्या बाबतीत थोरल्याला हार जात नाहीत. चिल्लई कलानमध्ये पडलेले हिम थंडीमुळे टिकते, थरावर थर चढून घट्ट होते आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरविते; धाकट्यांच्या अमलात पडलेले हिम विपुल असले तरी लवकर वितळते. प्रवाशाच्या दृष्टीने या भेदाचा अर्थ असा की, जमिनीवर साचलेले हिम हमखास हवे असेल तर जानेवारीची अखेर गाठावी, आणि हिम पडताना पाहण्याची हौस असेल तर फेब्रुवारीही तितकाच इतबारी आहे.

आपल्या पंचांगाच्या भाषेतही हे कोष्टक सुंदर बसते. ‘हेमंत’ या शब्दाचे ‘हिमा’शी नाते उघड आहे, म्हणून मार्गशीर्ष आणि पौष हेच हिमाचे महिने असावेत असे वाटते. वस्तुतः ते थंडीचे महिने होत. हिमाचा जोर असतो तो शिशिरात, विशेषतः माघात. अधिक मासामुळे माघ दोन-तीन आठवडे पुढे-मागे होतो खरा, तथापि स्थूलमानाने हा नियम चुकत नाही. काश्मिरी पंडितांची महाशिवरात्र, जिला ते ‘हेरथ’ म्हणतात, ती आपल्या माघ वद्यातच येते, आणि हेरथला हिम पडावयाचेच असा त्यांच्यात पूर्वापार समज आहे. यासंबंधीची एक आख्यायिका तेथे घरोघरी सांगतात. अफगाणांच्या अमलात जब्बार खान नावाच्या सुभेदाराने, हिम हेरथमुळे पडते की हिवाळ्यामुळे हे पाहण्यासाठी, तो सण आषाढात करण्याचा हुकूम सोडला. आणि म्हणे त्या वर्षी आषाढातच हिम पडले! आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी शिवरात्र आणि हिम यांची सांगड त्या खोऱ्यातील लोकांच्या अनुभवात किती घट्ट बसली आहे, हे तीवरून कळते.

अर्थात काळाइतकीच उंची महत्त्वाची आहे. हवेत दर हजार मीटर चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. तेव्हा एकाच ढगातून, एकाच घटकेला, वरच्या गावात हिम आणि खालच्या गावात पाऊस पडणे ही पहाडातील नित्याची गोष्ट आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे. तेथे हिम पडते, पण जानेवारीखेरीज ते फार दिवस टिकत नाही. मसुरी, नैनिताल, मनाली आणि शिमला ही गावे २,००० ते २,२०० मीटरच्या आसपास. येथे हिवाळ्यातून काही मोजकेच दिवस हिमाचे, आणि ते बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीतले. सोलंग, कुफरी, नारकंडा, औली आणि गुलमर्ग ही स्थळे अडीच हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर. येथे एकदा साचलेले हिम मार्चपर्यंत राहू शकते. म्हणून सूत्र असे धरावे की मुक्काम दोन हजारांवर केला तरी चालेल, परंतु तेथून तासा-दोन तासांच्या वाटेवर अडीच हजारांवरचे एखादे ठिकाण हाताशी असावे. मुक्कामाच्या गावी पाऊस लागला की वर हिम पडत आहे असे समजावे, आणि हिरमुसून न जाता दुसऱ्या दिवशीची गाडी ठरवावी.

याहून उंच, तीन-चार हजार मीटरवरील खिंडींचा हिशेब निराळा. तेथे मार्चमध्येही जोराचा हिमवर्षाव होतो, आणि आधीचे वितळत नसल्यामुळे साठ्याची जाडी मार्चअखेर, क्वचित एप्रिलच्या आरंभी, सर्वांत अधिक भरते. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. तिच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ज्या हिमाच्या भिंती प्रवासी उन्हाळ्याच्या आरंभी पाहतात, त्या या उशिरापर्यंत साचलेल्या हिमाच्या. तेव्हा हिम सर्वाधिक ‘पडते’ केव्हा आणि सर्वाधिक ‘असते’ केव्हा हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि प्रवास ठरविण्यापूर्वी आपल्याला यांतील कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी निश्चित करावे.

येथवर जे सांगितले ते सरासरीचे गणित. निसर्गाने त्यावर सही-शिक्का केलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे जवळजवळ महिनाभर उघडी, पिवळी पडून राहिली होती, आणि हिम आले ते महिन्याच्या अगदी अखेरीस. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला व्हावयाच्या खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा हिमाच्या अभावी तहकूब कराव्या लागल्या. त्या वर्षी महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस होती. आणि नेमक्या त्याच दोन-चार दिवसांत असा प्रबळ विक्षोभ आला की झोजी ला खिंड २७ तारखेस बंद झाली, आणि २८ तारखेस बदरीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्ताबांधणीच्या मजुरांची छावणी हिमलोटाखाली सापडून आठ जणांचा बळी गेला. तहकूब झालेल्या स्पर्धा मग मार्चमध्ये पार पडल्या. संक्रांत ते महाशिवरात्र या मुदतीतही आरंभापेक्षा अखेरीकडे झुकते माप द्यावे, असे या दोन वर्षांच्या अनुभवावरून वाटते. परंतु दोन वर्षांवरून नियम बांधणे शहाणपणाचे नव्हे. शहाणपणाचे आहे ते हाताशी रिकामे दिवस ठेवणे. विक्षोभ साधारण आठवड्याच्या अंतराने येतात. म्हणून चार दिवसांत चार गावे उरकण्यापेक्षा एकाच ठिकाणी सहा-सात दिवसांचा मुक्काम ठेवणाऱ्यास हिम पडताना दिसण्याची शक्यता कितीतरी अधिक.

स्थळाची निवड करताना आपल्या प्रकृतीचा आणि सोबतच्या मंडळींचा विचार करावा. निखळ हिमासाठी गुलमर्गला तोड नाही. पीर पंजालच्या कुशीत असल्यामुळे पश्चिमेकडून येणारी ओल तेथे भरपूर उतरते, आणि तेथील गोंडोला, म्हणजे रज्जुमार्ग, दोन टप्प्यांत अफरवट पर्वताच्या सुमारे चार हजार मीटर उंचीच्या खांद्यापर्यंत नेतो. वारा सुटला वा हिम जोराने पडू लागले की वरचा टप्पा बंद ठेवतात. त्यासाठीही एखादा दिवस हाती असणे बरे. वृद्ध आणि बालके बरोबर असतील तर शिमला सोयीचे. कालका ते शिमला ही १९०३ साली सुरू झालेली चिमुकली आगगाडी घाटातून जाताना हिमाचा देखावा खिडकीतूनच दाखविते. मनालीहून पुढे ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून, पूर्वी हिवाळाभर जगापासून तुटणारा लाहौलचा प्रदेश प्रवाशांच्या आवाक्यात आला आहे. मात्र जोराच्या हिमात तोही मार्ग बंद होतो. औलीस जाणाऱ्यांनी, २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तेथील रज्जुमार्ग थांबवावा लागला होता हे ध्यानात ठेवून, निघण्यापूर्वी सद्यस्थितीची चौकशी करावी. सिक्कीम आणि अरुणाचलच्या उंच खिंडींतही जानेवारी ते मार्च हिम पडते. पण तेथील परवान्यांचा जाबता निराळा असल्यामुळे तो विषय येथे वाढवीत नाही. लेहविषयी मात्र एक सूचना आवश्यक आहे: तेथे थंडी भयंकर, पण हिम तुटपुंजे. पर्वतरांगांच्या पाठीशी असल्यामुळे त्या भूमीत वर्षाकाठी पाऊस आणि हिम मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पाणी पडते. अधिक थंडी म्हणजे अधिक हिम या आपल्या जुन्या हिशेबाने जो हिवाळ्यात लेहला जाईल, त्याच्या पदरी गोठलेली नदी पडेल. हिमवर्षाव पडेलच असे नाही.

आता प्रत्यक्ष तयारी. हवामानखात्याचे अंदाज पाहण्याची सवय निघण्याच्या आठवडाभर आधीपासून लावून घ्यावी. ‘पश्चिमी विक्षोभ’ हे दोन शब्द अंदाजात दिसले की कान टवकारावेत. त्याच्या आधी ‘प्रबळ’ वा ‘सक्रिय’ असे विशेषण असेल तर आपण त्या तारखेच्या एक दिवस आधीच मुक्कामी पोहोचावे, आणि तो निघून गेल्यावर एक दिवस जाऊ देऊन मग परतीस निघावे. खाते धोक्याची पायरी रंगांनी दाखविते: पिवळा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. पावसाच्या आकड्यांवरूनही हिमाचा अंदाज बांधता येतो. पावसाचे एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ताज्या हिमाचा साधारण दहा सेंटिमीटर थर. तीन सेंटिमीटरचा अंदाज आपल्या कोकणवासीयांना हसण्यासारखा वाटेल. पण तेवढ्यात पहाडात फूटभर हिम साचते आणि सारा व्यवहार ठप्प होतो. विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे गार वारे महाराष्ट्रापर्यंत येतात. निफाडचा पारा उतरल्याच्या आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा तिकडे पहाडात बहुधा हिम पडून आकाश निवळलेले असते.

वाटेची तरतूद हा दुसरा मुद्दा. हिमाच्या दिवसांत श्रीनगरची विमाने अंधूक दृश्यमानतेमुळे रद्द होतात, जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडींमुळे अडतो. म्हणून परतीचे तिकीट ज्या दिवशी कामावर रुजू व्हावयाचे त्याच्या आदल्या दिवशीचे कधीही काढू नये. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत आगगाडी जाऊ लागली असून, पीर पंजालच्या पोटातून ११ किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्याने ती जात असल्यामुळे हिवाळी प्रवाशाला एक भरवशाचा पर्याय मिळाला आहे. पहाडात स्वतःची गाडी हाकण्याचा हट्ट धरू नये. टायरांना साखळ्या बांधण्याचे आणि पहाटे रस्त्यावर धरलेल्या काचेसारख्या पारदर्शक थरावरून गाडी नेण्याचे कसब स्थानिक चालकाजवळ असते, ते आपल्याजवळ नसते. टंगमर्गहून गुलमर्गला किंवा मनालीहून सोलंगला जाताना चारही चाकांना जोर असलेली स्थानिक गाडी घेणे हेच इष्ट, आणि हिमाच्या दिवशी पुष्कळदा तसा पोलिसांचा हुकूमच असतो. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, पोस्टपेड चालते. घरून निघण्यापूर्वी याचा बंदोबस्त करावा. वीज आणि एटीएम दोन्ही एकदम बंद पडू शकतात, म्हणून थोडी रोकड आणि एक विजेरी जवळ असू द्यावी.

वस्त्रांच्या बाबतीत एकच जाड कोट घेण्यापेक्षा पातळ वस्त्रांचे तीन थर करावेत: अंगालगत घाम टिपून लवकर वाळणारे, मध्ये लोकरीचे, आणि वर वारा व पाणी अडविणारे. सुती गंजीफ्रॉक आणि सुती मोजे, जे आपल्या हवेत अंगवळणी पडलेले असतात, ते हिमात शत्रू ठरतात. घामाने वा वितळलेल्या हिमाने एकदा भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब शोषून घेतात. भाड्याने मिळणारे गमबूट घेताना मोज्यांच्या दोन जोड्यांसकट पायात घालून पाहावेत, कारण घट्ट जोड्यात रक्त खेळत नाही आणि बोटे प्रथम बधिर होतात. बधिर झालेली बोटे हिमाने चोळावीत असा एक अडाणी समज आहे. तो सर्वस्वी त्याज्य. अशी बोटे कोमट पाण्यात ठेवावीत, चोळू नयेत, आणि वैद्यकीय मदत घ्यावी. आकाश निवळल्यावर ताज्या हिमावरून परतणारे ऊन डोळ्यांना इजा करते; तेव्हा काळा चष्मा ही चैनीची नव्हे, गरजेची वस्तू समजावी.

दोन धोक्यांबद्दल मात्र अधिक कडक शब्दांत सांगणे प्राप्त आहे. पहिला, हिमलोटाचा. मोठ्या हिमवर्षावानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास फार घातक असतात, कारण नवा थर जुन्यावर अद्याप बसलेला नसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार विशेष धोक्याचे. दुर्दैवाने हेच तास प्रवाशाला सर्वाधिक मोह घालणारे, आकाश निळे नि उतार अस्पर्श पांढरे असे असतात. या काळात नेहमीच्या वाटा सोडून उतारावर जाऊ नये, आणि स्थानिक माणसाने ‘आज नको’ म्हटले तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइड या वासहीन, रंगहीन विषारी वायूचा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमात अडकलेल्या मोटारींतून वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील अनेकांचा घात थंडीपेक्षा या वायूने केला, असे मानले जाते. मोटारीची धूर सोडणारी नळी हिमात बुजली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवले की हा वायू आत शिरतो. गाडी अडकलीच तर ती नळी वरचेवर मोकळी करावी आणि खिडकीची फट ठेवावी. बंद खोलीत रात्रभर धगधगणारी शेगडी, निखाऱ्यांची काश्मिरी कांगडी वा गॅसचे गीझर यांनाही हाच न्याय लागू आहे: ऊब हवी, परंतु हवेची वाट बुजवून नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी खबरदारीत मोडत नाही पण सौजन्यात मोडते. जे हिम आपण चार दिवसांची गंमत म्हणून पाहतो, त्यावर तेथील लोकांचे वर्ष अवलंबून असते. हिमाचलच्या सफरचंदाच्या झाडांना हिवाळ्यात पुरेसे थंडीचे तास मिळाले नाहीत तर त्यांचा बहर बिघडतो. हिम पडले नाही तर काश्मीरचे झरे वैशाखातच आटू लागतात. आपल्याकडे मृगाने दडी मारली असता शेतकरी जसा आभाळाकडे पाहतो, तसा तेथील बागायतदार पौषातल्या कोरड्या आभाळाकडे पाहत असतो. म्हणून रस्ता बंद पडला, वीज गेली, तर हॉटेलच्या नोकरावर चिडण्यापूर्वी एवढे आठवावे की आपली सहल अडविणारे ते हिम त्याच्या घरी सुकाळ घेऊन आले आहे.

शेवटी, कोणत्याही यंत्रावाचून ओळखता येईल अशी एक खूण सांगतो. मुक्कामी तीन-चार रात्री लख्ख चांदण्यांच्या आणि दात वाजविणाऱ्या थंडीच्या गेलेल्या असाव्यात. मग एका सायंकाळी पश्चिमेकडून विरळ, तंतूंसारखे ढग चढू लागावेत, चंद्राभोवती खळे पडावे, आणि रात्री पांघरुणातून हात बाहेर काढला असता थंडी काहीशी कमी झाल्याचे जाणवावे. नवखा प्रवासी अशा वेळी म्हणतो, ‘चला, थंडी ओसरली, आता हिम कसले पडते!’ आणि सामान बांधावयास घेतो. जाणत्याने मात्र त्या रात्री सामान बांधू नये; खिडकीचा पडदा तेवढा उघडा ठेवून झोपावे.